पोकर रन: पाण्यावरचे पत्ते, बोटींची गर्जना आणि एक सही

समुद्रवारा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही मायामीच्या दक्षिणेला राहतो. दर नोव्हेंबरात इथून की वेस्टपर्यंत, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिणेला असलेल्या 'कीज' या बेटांच्या माळेच्या टोकापर्यंत, पॉवरबोटींचा पोकर रन निघतो. ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वाटेत थांबे ठरलेले असतात, थांब्यागणिक एक पत्ता, असे पाच पत्ते जमले की ज्याचा हात भारी त्याला बक्षीस. म्हणजे पहिले आलात काय नि शेवटचे आलात काय, सगळं नशिबावर. मूळ मोटरसायकलवाल्यांचा खेळ, मग बोटवाल्यांनी उचलला. शर्यत नाही म्हणतात, पण चाळीस-पन्नास फुटी बोटी, मागे दोन-तीन-चार इंजिनं, अशा शंभराच्या वर बोटी एका सकाळी सुटतात आणि वर शूटिंगची हेलिकॉप्टरं. आवाज छातीत बसतो.

गेल्या वर्षी मी आणि लेक की लार्गोजवळ खारफुटीच्या कडेकडेने कायाकमध्ये होतो. पाणी गुडघाभर, खाली गवत, एक छोटा पाखट दिसला म्हणून लेक एकदम खूश. तेवढ्यात लांबून घरघर सुरू झाली. चॅनेल आमच्यापासून बरंच लांब होतं, जिवाला धोका वगैरे काही नव्हता हे आधीच सांगते, पण लेकीने वल्हं टाकून दोन्ही कान झाकले, मग लाटा आल्या आणि आम्ही मुळांमध्ये जाऊन अडकलो. पुढचा तासभर पाणी ताकासारखं.

आता शेजारच्या बाई अर्जावर सह्या गोळा करतायत, हा प्रकार कायमचा बंद करा म्हणून. नवरा म्हणतो एका दिवसाने काय होतंय, हॉटेलवाल्यांची पोटं चालतात त्यावर. अर्ज गेले तीन दिवस फ्रिजवर लावलेला आहे. सही करू का?

गोट्या_गिरगावकर
पत्ते, पाणी, गोंगाट. आमच्याकडे याला गटारी म्हणतात.

कोलंबीभात
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर.

मांडवीकर
पाण्यावर पत्ते आम्हा पणजीकरांना नवीन नाहीत. मांडवीत कॅसिनोच्या बोटी ठाण मांडून बसल्यात. फरक एवढाच की तुमच्या बोटी पळतात आणि आमच्या जाग्यावर राहून माणसाचे पैसे पळवतात. दर निवडणुकीला त्या हलवायचं आश्वासन मिळतं, निवडणूक हलते, बोटी तिथेच. तेव्हा सही करा, काही होणार नाही, पण केल्याचं समाधान.

थ्रॉटल_दादा
मी टॅम्पाला असतो आणि या पोकर रनला दोनदा गेलोय, मित्राच्या बोटीवर, मागच्या सीटवर सामान म्हणून. त्यामुळे दुसरी बाजू पण ऐका.

पहिली गोष्ट, उधळलेल्या बैलांसारखं कोणी सुटत नाही. सकाळी ड्रायव्हर लोकांची मीटिंग असते, तिथे नकाशा, कुठे हळू जायचं, कुठला पूल, सगळं सांगतात. पुढे वेग ठरवून देणारी पेस बोट असते. जॅकेट सगळ्यांना. दुसरी गोष्ट, या बोटी गवतात शिरतच नाहीत, शिरूच शकत नाहीत. स्टीलच्या एका पंख्याला हजारो डॉलर पडतात, तो वाळूत घासायला कोण वेडा नेईल? खूण केलेलं चॅनेल सोडून कोणी जात नाही. तिसरी गोष्ट, थंडीचे पाहुणे यायच्या आधीचा हा आठवडा कीजमध्ये तसा मंदीचा, त्यात एवढी माणसं राहतात, जेवतात, पेट्रोल भरतात. चॅरिटीला पैसे जातात ते वेगळंच.

आणि समुद्रवाराताई, तुमच्या लेकीला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण जुफिश क्रीकच्या पुलाजवळ त्याच सकाळी शेकडो माणसं लहान मुलांना खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवत होती, ती पण स्थानिकच ना?

बोरूबहाद्दर
थ्रॉटल_दादा, तुमचा मुद्दा पोचला, पण एक गंमत दाखवतो. फ्लोरिडाच्या कायद्यात बोटीचा एक्झॉस्ट नीट मफल केलेला, म्हणजे आवाज दाबलेला, हवा असं स्पष्ट लिहिलंय. मफलर टाळून धूर थेट बाहेर सोडणारं कटआउट वापरायला बंदी. अपवाद कोणाला? रेगाटात (बोटींच्या शर्यतींच्या मेळाव्यात) किंवा अधिकृत शर्यतीत उतरलेल्या बोटींना. आता पोकर रन ही शर्यत नाही असं सगळे घसा फोडून सांगतात, कारण शर्यत म्हटली की विमा आणि परवानग्यांचं प्रकरण अंगावर येतं. मग तो छातीत बसणारा आवाज कुठल्या कलमाखाली काढता? विमा कंपनीसमोर सहल आणि सायलेन्सरसमोर शर्यत, असं दोन्हीकडून कसं चालेल?

थ्रॉटल_दादा
हाहा, पकडलंत. बऱ्याच बोटींना स्विच असतो, एक्झॉस्ट पाण्याखालून सोडायचा की वरून. वस्ती आली की पाण्याखाली करतात सगळे.

बोरूबहाद्दर
आणि पुलावर टाळ्या वाजवणारी माणसं दिसली की?

थ्रॉटल_दादा
...वर.

गोट्या_गिरगावकर
फिस्सकन हसलो. बुलेटवाले सगळीकडे सारखेच.

निळकंठ_७१
भावना बाजूला ठेवून जरा हिशोब करू. ढोबळ नियम असा की पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चाललं तर दर १० हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण एक गॅलन पितं, आधुनिक असेल तर थोडं कमी. पाचपाचशेची दोन इंजिनं धरा, तासाला ८५ गॅलन, म्हणजे ३२० लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. तासाला ७४० किलो झाला. शंभर बोटी, तीन तास, जवळजवळ २२० टन. सगळा वेळ फुल थ्रॉटल नसतो म्हणून कमी धरा, परतीचा प्रवास आहे म्हणून वाढवा, तीन-चार इंजिनवाल्या बोटी आहेत म्हणून आणखी वाढवा. कशासाठी? तर पाच पत्त्यांसाठी, जे घरी सतरंजीवर बसून फुकट मिळतात.

परतीचं_तिकीट
काका, हिशोब छान आहे पण मुंबई ते न्यूयॉर्क थेट जाणारं एक मोठं विमान एका बाजूला १०० टनांच्या वर इंधन जाळतं आणि एक टन इंधनातून तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे गणपतीला घरी येणाऱ्या आपल्या लोकांचं एक विमान हा अख्खा पोकर रन खिशात घालतं. सही करायच्या आधी आपापलं तिकीट बघा.

निळकंठ_७१
विमान निदान कुठेतरी पोचवतं.

मांडवीकर
पोकर रन की वेस्टला पोचवतो की :)

शिंपला
इतका वेळ नुसतं वाचत होते, आता राहवत नाही. मी समुद्रशास्त्र शिकले आणि त्यातली काही वर्षं कीजच्या उथळ पाण्यात गुडघ्यावर बसून गवत मोजण्यात घालवली, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

कार्बन मोजणं इथे चुकीचं माप आहे. तो जगभर सारखाच पसरतो, मायामीत जळला काय आणि मालाडमध्ये जळला काय. कीजचं खरं धन म्हणजे पाण्याखालचं गवत. समुद्रवाराने जे गुडघाभर पाण्यात पाहिलं ना, ते. कासवं तेच खातात, मॅनटी तेच खातात, कोळंबीची पिल्लं त्यातच लपतात, आणि वाळू धरून ठेवतं म्हणून पाणी नितळ राहतं. कीज आणि मुख्य भूमीच्या मधला फ्लोरिडा बे हा उपसागर सरासरी मीटरभर खोल आहे, म्हणजे कमरेएवढं पाणी. तिथे बोटीचा पंखा तळाला लागला की नांगरल्यासारखा पट्टा उमटतो आणि तिथलं टर्टल ग्रास मुळासकट उपटलं जातं. शेतात पुढच्या पावसात पुन्हा उगवतं तसं हे उगवत नाही, तो एक पट्टा भरून यायला दहा-दहा वर्षं लागू शकतात. राज्याने विमानातून केलेल्या पाहणीचा अहवाल १९९५ साली आला, त्यात फ्लोरिडाभर १,७३,००० एकरांवर असे ओरखडे सापडले होते, आणि कीजचा मन्रो काउंटी त्यात सगळ्यात पुढे.

आता थ्रॉटल_दादांना दुजोरा देते, त्यांना आश्चर्य वाटेल. हे ओरखडे या मोठ्या बोटींचे फारसे नाहीत. ते बहुतेक छोट्या बोटींचे आहेत, मासे पकडायला जाणाऱ्या, भाड्याच्या, आणि "इथून शॉर्टकट आहे" म्हणणाऱ्या. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांच्यावर कोणी अर्ज काढत नाही कारण त्यांचा आवाज येत नाही.

पण दादा, पूर्ण सुटका नाही तुमची. बेच्या बाजूचं ते चॅनेल तरी किती खोल? सहा-सात फूट. बोट वेगात असते तोवर वर उचललेली असते, पण थांबायला लागली की मागचा भाग खाली बसतो आणि तळाचा गाळ उसळतो. ते ताक समुद्रवाराने पाहिलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बघे. पोकर रन बघायला कडेच्या उथळ पाण्यात जी छोट्या बोटींची जत्रा भरते, ती कुठे उभी असते? गवतावर. नांगर कुठे टाकते? गवतात.

कोलंबीभात
शिंपला, काय सुंदर प्रतिसाद! मॅनटी म्हणजे ती समुद्रगाय ना? तिला बोटी लागतात असं वाचलंय.

शिंपला
हो, समुद्रगाय. आपल्याकडे तिची चुलत बहीण डुगाँग आहे, मन्नारचं आखात आणि कच्छच्या आखातात, फार थोड्या उरल्यात. तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात २०२२ मध्ये तिच्यासाठी राखीव क्षेत्र केलं, देशातलं पहिलं.

बोटी लागतात हे खरंच. २०१९ मध्ये फ्लोरिडात बोटींच्या धडकेने १३० च्या वर मॅनटी गेल्या. अंगावरच्या पंख्याच्या खुणांवरूनच संशोधक एकेक मॅनटी ओळखतात, इतक्या खुणा असतात. पण २०२१ मध्ये काय झालं ऐका. एका वर्षात ११०० मॅनटी मेल्या. बोटींनी नाही, बऱ्याचशा उपासमारीने. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाणी आणि लॉनवरच्या खतांनी शेवाळ माजलं, उजेड तळापर्यंत पोचेना, गवत मेलं. मग त्या हिवाळ्यात सरकारने त्यांना हाताने लेट्युस खायला घातलं, दोन लाख पौंडांच्या वर.

गोट्या_गिरगावकर
म्हणजे दुष्काळी चारा छावणी.

शिंपला
अगदी. आणि छावणीत जसा चारा मिळतो पण गायरान परत येत नाही, तसंच.

मालवणी_झील
शिंपलाबाय, ह्या नांगराचा काय ता बरोबर बोललास. आमच्या मालवणात सिंधुदुर्गाच्या आजूबाजूक प्रवाळ आसा, तो बघूक लोक येतत, आणि बघूक येणाऱ्या होडीचोच नांगर तेच्यावर पडता. पर्यटन पण तेच्यावर आणि मरण पण तेच्यामुळे.

बाकीचं सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहितो. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर. कोळी-गाबीत समाजाने तेव्हापासून विरोध केला. बाहेरचे लोक म्हणतात, बघा, मच्छीमारांना पर्यावरण नको. अरे बाबांनो, रापण ओढणारा माणूस समुद्राच्या जिवावर उठलेला असतो का? त्याचा प्रश्न एवढाच होता की बंदी आली तर ती पहिली कोणावर पडणार? मोठ्या पर्ससीनवाल्यावर की त्याच्यावर? अनुभवाने माहीत होतं ना उत्तर. म्हणून समुद्रवाराताई, सही करताना एकच बघा, अर्जात "बंद करा" लिहिलंय ते कोणासाठी. उद्या तोच कागद दाखवून तुमच्या कायाकवाल्याला पण घालवतील आणि ज्याच्याकडे वकील आहे तो तिथेच राहील.

बोरूबहाद्दर
झील, हे शंभर टक्के. आणि स्थानिकांनी ठरवलं तरी होतंच असं नाही याचं उदाहरण की वेस्टच आहे. २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या लोकांनी मतदान करून मोठ्या क्रूझ जहाजांवर मर्यादा आणली, १३०० पेक्षा जास्त माणसांची क्षमता असलेलं जहाज नको, दिवसाला १५०० पेक्षा जास्त प्रवासी उतरायला नकोत. जहाजं तळ ढवळतात हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने कायदा करून ते मतदान निकालात काढलं. तिथे फ्रिजवरच्या कागदाची काय कथा.

अलिबागची_आत्या
मला त्या पत्त्यांचं काही कळलं नाही पण वेगाचं कळतं. मांडव्याहून गेटवेला चाळीस वर्षं ये-जा करतेय. पूर्वी लाँच हळू जायची, दोन वेळा चहा व्हायचा. आता सगळ्यांना घाई. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी घेताना प्रवासी बोटीवर आदळली, डझनाहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून पांढरी रेघ मारत येणारी बोट दिसली की पोटात गोळा येतो माझ्या. गवताचं काय ते शिकलेल्या लोकांनी बघावं, पण भरगर्दीच्या पाण्यात इंजिनाचा जोर दाखवायची जागा नव्हे एवढं नक्की.

थ्रॉटल_दादा
आत्या, यावर काही बोलण्यासारखं नाही. खरंय.

दादर_पूर्व
आपल्याकडे पण झालेली की पॉवरबोटींची शर्यत, मार्च २०१७, मरीन ड्राइव्हसमोर, तीन दिवस. मी कठड्यावर बसून बघितली. खरं सांगतो, लांबून बोटी झुरळाएवढ्या दिसत होत्या आणि आवाज मागच्या टॅक्सींचाच जास्त होता. शेजारचे काका म्हणाले "किती वेळ गोल गोल फिरणार" आणि भेळ खाऊन घरी गेले.

नाशिकचा_चिवडा
माझं साधं मत. "वर्षातून एकच दिवस" हे वाक्य ऐकलं की मला आपले गणपती आठवतात. एकच दिवस डीजे, एकच दिवस पीओपी, एकच दिवस फटाके. सगळ्यांचा एकेक दिवस मिळून ३६५ होतात. बोटवाल्यांना शिव्या घालणाऱ्यांनी आधी आपल्या विसर्जनानंतरच्या चौपाट्या बघाव्यात.

सह्याद्रीचा_वाघ
आला का गणपती? दर धाग्यात आपले सणच का दिसतात तुम्हाला? अमेरिकन लोक पेट्रोल ओततात त्यावर बोला ना.

नाशिकचा_चिवडा
मी माझ्याच घरच्या गणपतीबद्दल बोलतोय साहेब, शाडूचा असतो आमचा, तुमच्याकडे असतो का?

सह्याद्रीचा_वाघ
तुम्हाला काय करायचंय आमच्याकडे कुठला असतो.

परतीचं_तिकीट
बैलगाडा शर्यत राहिली, ती पण काढा. २०१४ ला बंद, २०२१ ला परत सुरू, २०२३ ला शिक्कामोर्तब. अमेरिकेत पण तसंच होईल, काळजी नसावी.

संपादक_मंडळ
गणपती, बैल आणि एकमेकांची घरं या विषयांवर वेगळे धागे आहेत. इथले चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया बोटीत बसा.

कोलंबीभात
"कृपया बोटीत बसा" :ड

सविस्तर लिहीन म्हटलेलं पण शिंपलाने सगळं लिहिलं. फक्त एक कबुली. आम्ही दापोलीला डॉल्फिन बघायला गेलो होतो, हर्णैजवळ. एक पाठ दिसली की चारही बाजूंनी बोटी सुसाट, नाखवाला आपणच ओरडून सांगतो "तिकडे, तिकडे, जवळ घ्या". पाच मिनिटांत डॉल्फिन गायब. मुलं रडली म्हणून आम्ही नाखवाला जास्त पैसे देऊन अजून पाठलाग करायला लावला. तेव्हा काहीच वाटलं नाही. आता हे वाचून वाटतंय.

सुरमई_प्रेमी
अवांतर: मायामीत सुरमई मिळते का हो? पुढच्या महिन्यात मुलाकडे येतोय, तीन महिने चिकनवर काढायचे या कल्पनेनेच झोप उडाली आहे.

समुद्रवारा
काका, किंगफिश मागा, किंग मॅकरेल पण म्हणतात. सुरमईच्याच घराण्यातला, तव्यावर टाकल्यावर ओळखू येत नाही. स्पॅनिश मॅकरेल पण तोच खानदान, जरा बारीक.

सुरमई_प्रेमी
देव तुमचं भलं करो. आता बोटी चालू द्या नाहीतर बंद करा, किंगफिश तेवढा राहू द्या.

मालवणी_झील
काका, आंबट-तिखट करून खावा, रवा लावून जाड तुकडी तळूच्या नादाक लागू नका. गवत ऱ्हवला तर मासो ऱ्हवतलो, इतकाच.

निळकंठ_७१
मूळ मुद्द्यावर येऊ का? शिंपला, तुमच्या सगळ्या लिहिण्यावरून सामान्य माणसाने काय समजायचं? पोकर रन बंद झाला तर कीज वाचेल की नाही?

शिंपला
एकट्या त्याने नाही. जुलै २०२३ मध्ये कीजजवळच्या मॅनटी बे नावाच्या उथळ खाडीतल्या एका तापमापकाने पाण्याचं तापमान १०१.१ फॅरनहाइट दाखवलं, म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर, आंघोळीचं पाणी. त्या उन्हाळ्यात प्रवाळ पांढरा पडला, लोकांनी नर्सरीतली रोपं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली. त्या दिवशी समुद्रावर एकही पोकर रन नव्हता. पण म्हणून आवाजाचा त्रास खोटा होत नाही, आणि लेकीने कान झाकले तेही खोटं होत नाही. मला सही मागायला कोणी आलं असतं तर मी म्हटलं असतं, चार गोष्टी लिहून आणा. मफलर कायम चालू. अरुंद जागी आणि खारफुटीजवळ वेग कमी, बघणारं पब्लिक असलं तरी. बघ्यांच्या बोटींना गवतावर उभं राहायला बंदी, हे सगळ्यात आधी. आणि रनच्या पैशातला काही भाग ओरखडे भरायला. अशा अर्जावर मी दोन्ही हातांनी सही करेन, आणि थ्रॉटल_दादाही करतील.

थ्रॉटल_दादा
पहिल्या तीनवर करतो. चौथ्यावर पण करतो, मित्राचे पैसे आहेत, माझं काय जातंय. पण पब्लिकसमोर मफलर बंद करायचा नाही म्हणजे... बरं, करतो.

समुद्रवारा
मंडळी, उशीर झाला उत्तर द्यायला, इथे लेकीची परीक्षा चालू होती.

तर काय झालं. शिंपलाने सांगितलेल्या चार गोष्टी कागदावर लिहून मी शेजारच्या बाईंकडे गेले. म्हटलं, "बंद करा" खोडा आणि हे लिहा, मी आत्ता सही करते. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, पहिलं दुसरं चालेल, पण तिसरं कशाला, आपल्या छोट्या बोटींनी काय होतंय. त्यांची स्वतःची सतरा फुटी बोट आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्हाला त्यावरून फिरवून आणलं होतं आणि पाणी उतरलेलं असताना गवतावरून कसा शॉर्टकट काढायचा ते मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं, मागे पाण्यात तपकिरी रेघ उमटत होती, मी तिचा फोटोसुद्धा काढलाय. छान दिसत होती.

मी त्यांना काही बोलले नाही कारण घरी येऊन गॅरेजमध्ये बघितलं तर लॉनच्या खताची दोन पोती. आमच्या काउंटीत १५ मे ते ३१ ऑक्टोबर नत्र-स्फुरदवालं खत घालायला बंदी आहे, पावसात वाहून खाडीत जातं म्हणून. आम्ही जूनमध्ये घातलेलं. नवरा म्हणतो, सगळे घालतात. मी म्हटलं हे वाक्य तर बोटवाले पण म्हणतात. त्यावर तो गप्प बसला, आणि आता लॉन पिवळं पडलंय त्याचं खापर तुम्हा सगळ्यांवर फोडतोय.

सही अजून केलेली नाही. अर्ज फ्रिजवरून काढला, माझा चार ओळींचा कागद तिथे लावलाय. बाई परवा येऊन तो वाचून गेल्या, काही बोलल्या नाहीत, पण फोटो काढून नेला.

अलिबागची_आत्या
फोटो काढला म्हणजे पटलंय. बायका न पटलेल्या कागदाचा फोटो काढत नाहीत.

बोरूबहाद्दर
किंवा वकिलाला दाखवायला नेला असेल. ह.घ्या.

थ्रॉटल_दादा
ताई, या वर्षी लेकीला घेऊन पुलाजवळ या. कानाला लावायचे ते मफ आमच्याकडे जास्तीचे आहेत. आवडलं नाही तर तिथेच सही करा, पेन मी देतो.

समुद्रवारा
विचारलं तिला. म्हणाली मफ दिले तर येईन, पण त्यांना सांग, खाली बघत चला म्हणून.

गोट्या_गिरगावकर
इतके प्रतिसाद झाले, समुद्रगायी झाल्या, सुरमई झाली, पण दादा, दोन वर्षांत तुम्हाला पत्ते कुठले लागले ते कोणी विचारलंच नाही.

थ्रॉटल_दादा
पहिल्या वर्षी दुर्रीची जोडी. दुसऱ्या वर्षी तीही नाही. आम्ही तेव्हा सगळ्यांच्या पुढे होतो, दुपारच्या आत की वेस्टला, तोऱ्यात. बक्षीस कोणाला मिळालं सांगू? ज्याचं इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडलं आणि ज्याला दुसऱ्या बोटीने दोरीला बांधून संध्याकाळी ओढत आणलं, त्याला. त्याच्याकडे फुल हाउस.